तोच, की दुसरा?

सायंकाळी वाचनालयात गेलो म्हणजे वर्तमानपत्रांच्या मेजाकडे वळण्यापूर्वी मी ग्रंथपालांच्या खोलीत हटकून डोकावतो. कारण तेथे हल्ली एक निराळेच वाचन चाललेले असते. संगणकाच्या पडद्यावर सभासदांच्या नावांचा लांबलचक तक्ता पसरलेला असतो, आणि त्या तक्त्यात जेथे एकच नाव दोनदा आले असेल तेथली घरे फिकट लाल होऊन त्यांतील अक्षरे गडद तांबडी दिसू लागतात. दर पंधरवड्याला शाखांकडून फायली येतात. रात्री केव्हा तरी, वाचनालयाला कुलूप असताना, संगणक त्या आपण होऊन मुख्य तक्त्यात उतरवून घेतो. आणि सकाळी पाहावे तो पानेच्या पाने आरक्त झालेली! आमच्या ग्रंथपालबाई वयाने माझ्या नातीएवढ्या. माझी चाहूल लागताच त्या मान वर न करता म्हणतात, "काका, आजही दुबार आहेत," आणि मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसतो. त्या लाल घरांकडे पाहत बसण्याचा मला एक छंदच जडला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ही नावे एके काळी कागदावर होती. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, कोपरे झिजलेल्या त्या सभासद-वह्या आतल्या खोलीत कपाटाच्या तळाशी अजून आहेत, आणि त्या उघडल्या की जुन्या डिंकाचा व वाळवीच्या औषधाचा मिश्र वास नाकाशी येतो. सालअखेरीस चालणारी रुजुवात मी विद्यार्थिदशेत पाहिलेली आहे. एक जण जुन्या वहीतले नाव मोठ्याने वाची, समोरचा नव्या वहीत ते शोधून 'रुजू' म्हणे, आणि नावाच्या डाव्या अंगास तांबड्या पेन्सिलीची एक बारीक तिरपी रेघ उमटे. त्या वेळच्या कारकुनांना गाव तोंडपाठ होते. दोन माणसांचे नाव एक निघाले तर ते क्षणभरही न अडखळता एकाच्या नावाखाली 'सोनारआळी' आणि दुसऱ्याच्या नावाखाली 'गिरणीवाले' असे बारीक अक्षरांत लिहीत, आणि एकच माणूस नाव किंचित बदलून दुसऱ्यांदा सभासद होऊ पाहील तर चष्म्यावरून नुसते त्याच्याकडे बघत. वहीत दुबार नोंद जवळजवळ नसे, याचे श्रेय वहीकडे जात नाही; ते त्या चष्म्याकडे जाते. पुढे ते गृहस्थ निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर त्यांची स्मरणशक्तीही घरी गेली, आणि मागे उरली ती नुसती नावे.

मग नावे एक्सेलच्या तक्त्यात आली. सुटीत महाविद्यालयाची मुले बसवून जुन्या वह्या उतरवून घेतल्या. शाखांनी आपापले तक्ते आपापल्या पद्धतीने भरले. आणि हे सर्व एके ठिकाणी आणण्याचे काम कोणा हुशार मुलाने लिहून दिलेल्या आज्ञावलीकडे सोपविण्यात आले. माणसाने हाताने नक्कल केली तर तो कंटाळतो, डुलकी घेतो, एखादी ओळ गाळतो. यंत्र कंटाळत नाही, आणि कंटाळत नाही म्हणूनच, एकदा केलेले काम दुसऱ्यांदा करावयास सांगितले तरी तितक्याच निष्ठेने ते पुन्हा करते. 'हे तर मी काल केले' असे म्हणण्याइतकी आठवण त्याला कोणी मुद्दाम दिली नाही, तर ती त्याच्यापाशी नसते.

दुबार नोंदी येतात कोठून, याचा शोध घेताना मला एक गोष्ट फार रोचक वाटली. मी समजत होतो की हे सारे निष्काळजीपणाचे फळ असावे. प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य नोंदींचे मूळ अतिदक्षतेत सापडले. एका शाखेचा मुलगा नव्या दहा सभासदांची यादी पाठविण्याऐवजी आरंभापासूनची सगळी फाइल पाठवी. कारण, न जाणो, मागची पोहोचली नसली तर! दुसरीकडे वीज गेली, फाइल येथे उतरली, पण उतरल्याची पोच तिकडे गेली नाही; म्हणून तिकडल्या यंत्राने ती हरवली असे धरून पुन्हा पाठविली. पाठविणाऱ्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही. पोच न आलेला माणूस दुसरे काय करणार? निरोप एकदाच व नक्की पोहोचेल असे वचन कोणत्याही तारेला देता येत नाही, असे जाणकार सांगतात. एक तर तो कदाचित पोहोचणार नाही, किंवा कदाचित दोनदा पोहोचेल, या दोहोंतून निवड करावयाची असते, आणि शहाणी माणसे दुसरा पर्याय पत्करतात. कधी कधी तर आधीची फेरी संपण्यापूर्वीच ठरल्या वेळी दुसरी फेरी सुरू होते, आणि एकाच दौतीत दोन टाक बुडावेत तशा दोन्ही फेऱ्या तीच नावे तक्त्याच्या तळाशी लिहीत सुटतात.

यावर आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाने जी तजवीज केली ती कोणाही जुन्या बारनिशी कारकुनाला पसंत पडली असती. येणाऱ्या प्रत्येक फाइलीतील मजकुरावरून यंत्र एक लांब आकडा काढते. मजकुरात एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी तो आकडा पार बदलतो, आणि मजकूर तोच असेल तर फाइलीला नाव कोणतेही द्या, आकडा तोच निघतो. हा आकडा आवक-वहीत नोंदला जातो. तोच पुन्हा दारात आला तर फाइल उघडलीच जात नाही. एक फेरी चालू असेपर्यंत दुसरीला आत येण्यास मज्जाव. आणि कोणतीही नोंद थेट मुख्य तक्त्यात जात नाही. आधी तिला एका वेगळ्या पानावर थांबावे लागते, तेथे तिची जुन्या नोंदींशी गाठ घालून देतात, आणि ओळख पटली तर नवी ओळ न घालता जुन्याच ओळीत बदललेला पत्ता किंवा दूरध्वनी भरला जातो. तीच फाइल दहा वेळा आली तरी तक्ता होता तसाच राहावा, अशी ही योजना. मला तिचे फार कौतुक वाटते. पण तिच्या मध्यभागी 'ओळख पटली तर' असे तीन शब्द आहेत, आणि सगळी मौज, सगळा ताप, त्या तीन शब्दांत दडलेला आहे.

काढून टाकणे त्या मानाने फार सोपे. एक्सेलमध्ये २००७ सालापासून त्यासाठी एक कळच आहे. ती दाबली की यंत्र सारख्या ओळींपैकी पहिली ठेवते, बाकीच्या नाहीशा करते, आणि इतक्या गेल्या व इतक्या उरल्या एवढे दोन आकडे दाखवून मोकळे होते. कोण गेले, ते सांगत नाही. मला त्या कळीची थोडी धास्तीच वाटते. पहिली ओळ ती खरी, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? सभासदाने घर बदलले, नव्या पत्त्यासह त्याची नोंद खाली आली, आणि वरची वीस वर्षांपूर्वीची शिळी नोंद केवळ वर असल्याच्या पुण्याईने टिकली! शिवाय यंत्राच्या 'सारखे'पणाच्या कल्पनाही मोठ्या विलक्षण. एकच तारीख एका घरात आकड्यांनी आणि दुसऱ्यात महिन्याच्या नावाने दिसत असेल तर ती कळ त्यांना भिन्न मानते. उलट, सोळा अंकी दोन खातेक्रमांक केवळ शेवटच्या अंकात वेगळे असले तर नोंदी मोजणारे नेहमीचे सूत्र त्यांना एकच समजते, कारण पंधरा अंकांपलीकडे आकडा लक्षात ठेवण्याची त्या यंत्राची शक्तीच नाही. सोळाव्या अंकाशी येऊन दोन माणसे एकमेकांत विरघळतात, आणि पडद्यावर दोघांचीही घरे निमूटपणे लाल होतात.

मराठी नावांच्या बाबतीत तर हा खेळ अधिकच रंगतो. आमच्या ग्रंथसूचीत एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी अशा सापडल्या की दोहोंत काडीचाही फरक दिसेना, आणि तरी यंत्र त्यांना सारखे म्हणावयास राजी नव्हते. पुस्तकाच्या नावात 'वऱ्हाड' हा शब्द होता. बाईंनी पडद्यावर ते अक्षर मोठे करून दाखविले. ऱ्ह-च्या डाव्या अंगाची ती नाजूक कोयरी दोन्हीकडे एकसारखी. पण एका टंकलेखकाने खाली टिंब असलेला र घेऊन त्याचा पाय मोडला होता, आणि दुसऱ्याने साधा र घेऊन, पाय मोडून, त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवले होते. युनिकोडच्या व्यवस्थेत दोन्ही वाटा मान्य आहेत, दोन्हींनी लिहिलेला वऱ्हाड वाचताना एकच आहे, आणि यंत्राच्या लेखी ते दोन प्रांत आहेत. एरवी आम्ही कऱ्हाडला जाणारी माणसे, त्या अर्ध्या र-कडे कधी मान वळवून पाहिले नाही. असेच एक अदृश्य प्रकरण रिकाम्या जागेचे. संकेतस्थळावरून उचललेल्या नावांत कधी कधी न तुटणारी अशी एक खास मोकळी जागा चिकटून येते; नेहमीचे झाडलोटीचे सूत्र साधी मोकळी जागा झाडते, हिला हात लावीत नाही. नाव तेच, माणूस तोच. मागे एक शून्य ओढीत आला म्हणून तो परका!

आणि शुद्धलेखन! मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले, आणि माझ्या पिढीने ज्या अनुस्वारांसाठी छड्या खाल्ल्या होत्या ते अनुस्वार एका ठरावाने निवृत्त झाले. परंतु जुन्या दाखलनोंद वहीत ते अद्याप चाकरीवर आहेत. तेथे 'नांव' आहे, 'गांव' आहे, 'कांहीं' आहे; 'संस्कृति' व 'कवि' ऱ्हस्व आहेत. नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तीच संस्कृती दीर्घ झाली. ज्याने जुने पुस्तक दाखल केले त्याने पाहिले तसे लिहिले, ज्याने नवे दाखल केले त्यानेही पाहिले तसे लिहिले. दोघेही प्रामाणिक, आणि एका ग्रंथाच्या दोन नोंदी. येथे यंत्राला शिकविता येते, नाही असे नाही: तुलना करण्यापुरते सारे अनुस्वार पुसावेत, सारे ऱ्हस्व दीर्घ एक करावेत, र-च्या दोन्ही वाटा एका वाटेला लावाव्यात, आणि मूळ अक्षर मात्र होते तसे ठेवावे. तुलनेसाठी एक रूप आणि वाचकासाठी दुसरे, ही कल्पना मला मोठी सुसंस्कृत वाटली. मुलाने ती एका दुपारी अमलात आणली आणि लाल घरे एकाएकी कितीतरी वाढली. बाई क्षणभर हताश झाल्या. मी मात्र मनात खूश होतो, कारण ही माणसे आजवर एकमेकांना ओळखत नव्हती, ती आता निदान शेजारी येऊन उभी राहिली.

याच लाल घरांत एके दिवशी ते आजोबा-नातू निघाले. त्यांचे नाव मी सांगत नाही. पण रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. विष्णू गणेश यांचा मुलगा गणेश विष्णू, आणि त्याचा मुलगा पुन्हा विष्णू गणेश. आडनाव एक, घर एक, घरात दूरध्वनी एक. यंत्राने नाव पाहिले, वडिलांचे नाव पाहिले, आडनाव, पत्ता, क्रमांक, सारे ताडून पाहिले, आणि मनुष्याच्या कोणत्याही न्यायालयात टिकेल इतक्या भक्कम पुराव्यावर निर्णय दिला की हा एकच इसम आहे. आजोबा ऐतिहासिक कादंबऱ्या नेत. नातवाच्या नावावर स्पर्धा परीक्षेची पुस्तके होती. पुराव्यात जर कोठे फट असेल तर ती त्या पुस्तकांच्या यादीत होती, आणि पुस्तकांच्या याद्या ताडून पाहण्यास यंत्राला कोणी सांगितले नव्हते. जन्मतारखेचा रकाना होता, पण आजोबांच्या काळच्या अर्जात तो कोराच असे. कोऱ्या घराचे एक असते: ते कोणाशीच भांडत नाही. दोन नोंदी एक करण्यास ज्याची हरकत निघायला हवी होती, नेमका तोच साक्षीदार गैरहजर.

या आजोबा-नातवांनी मला थेट शनिवारवाड्यात नेले. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. एकाने नावाला कीर्ती मिळवून दिली, दुसऱ्याच्या हातून १८१८ साली सारे राज्य गेले, आणि नाव तेच! माधवरावही दोन: थोरले १७७२ साली गेले, आणि दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा जन्मास आला तो सवाई माधवराव. इतिहासकारांनी या घोळात 'थोरले', 'दुसरे', 'सवाई' ही उपपदे घट्ट धरून ठेवली नसती तर शाळेच्या पुस्तकांत या माणसांचे काय झाले असते, कल्पना करवत नाही. उलट तऱ्हाही त्याच दरबारात आहे. बाळाजी जनार्दन भानू आणि नाना फडणीस हे दोघे नसून एकच. आणि मौज अशी की ज्याच्या हाताखाली राज्याचे सारे दफ्तर होते त्याच गृहस्थाची दफ्तरात दोन नावे. महसुलाच्या कारकुनांनी तरी निराळे काय केले? पुण्याच्या दक्षिणेस वडगाव बुद्रुक व वडगाव खुर्द आहेत, ईशान्येस वडगाव शेरी आहे, पलीकडे मावळातले वडगाव आहे. प्रत्येक गावात गट नंबर एकपासूनच मोजावयास आरंभ होतो, म्हणून नुसत्या गट नंबराने जमीन सापडत नाही. गाव, तालुका व जिल्हा यांसह तो लिहिला तरच सातबाऱ्याला अर्थ येतो. एका रकान्याने ओळख पुरी होत नसेल तर चार रकाने मिळून ती पुरी करावी, ही युक्ती संगणकाने शोधून काढलेली नाही.

पाश्चात्त्य देशांतही ही विवंचना जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थाने १९१८ साली एक पेटंट घेतले. नाव जसे लिहिले जाते तसे न घेता जसे कानाला लागते तसे घ्यावे, स्वर सोडून द्यावेत, आणि व्यंजनांना अंक देऊन एक आद्याक्षर व तीन अंक असा संकेत करावा, अशी त्या युक्तीची रूढ झालेली रीत. पुढे तेथील जुन्या जनगणनांच्या सूची तिच्या आधारे केल्या गेल्या. आमच्या एका शाखेचा तक्ता इंग्रजी लिपीत होता, म्हणून आम्हीही ती वापरून पाहिली. चौधरी हे आडनाव कोणी ए-यू घालून लिहितो, कोणी ओ-यू. शेवटी कोणी आय, कोणी वाय. सारे चौधरी बिनतक्रार सी-३६० या एका संकेताखाली येऊन बसले, आणि बाईंनी टाळी वाजविली. पण वैद्य, वाघ, वागळे या मंडळींनी घात केला. आपला 'व' कोणी व्ही-ने लिहितो, कोणी डब्ल्यू-ने. आणि रसेलसाहेबांच्या व्यवस्थेत आद्याक्षर जसेच्या तसे राहते, म्हणून सख्खे भाऊ दोन पेठांत विभागले गेले. १९६५ साली लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने निराळी फूटपट्टी दिली: एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती अक्षरे घालावी, काढावी वा बदलावी लागतात ते मोजावे. त्या मापाने 'सुनील' व 'सुनिल' यांत अंतर एक. तो बहुधा एकच मनुष्य. 'उमा' व 'रमा' यांतही अंतर एकच. आणि त्या बहुधा बहिणी.

या साऱ्या वाचनात मला भावला तो कॅनडातील दोन संख्याशास्त्रज्ञांचा १९६९ सालचा लेख. आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर ही त्यांची नावे. दोन नोंदी समोर आल्या असता प्रत्येक रकान्याच्या जुळण्याला वा न जुळण्याला किती वजन द्यावे याचे त्यांनी चोख गणित मांडले. दुर्मिळ आडनाव जुळले तर वजन अधिक, गावात शंभर घरांचे असलेले आडनाव जुळले तर थोडे. हे तर आमच्या चष्मेवाल्या कारकुनांनाही मान्य झाले असते. परंतु त्यांच्या गणिताचे सौंदर्य मला त्याच्या निकालांत दिसते. निकाल दोन नाहीत, तीन आहेत: हे एकच, हे भिन्न, आणि सांगता येत नाही. तिसऱ्या चळतीतील जोड्या माणसापुढे ठेवाव्यात. यंत्राच्या शास्त्राच्या पायाशीच दोघा विद्वानांनी माणसासाठी एक खुर्ची राखून ठेवली आहे, आणि ती खुर्ची म्हणजे शास्त्राची उणीव नसून त्याचे एक अंग आहे. त्याआधी १९४६ साली हॅल्बर्ट डन या अमेरिकन अधिकाऱ्याने असे मांडले होते की प्रत्येक माणूस आपल्या आयुष्याचा एक ग्रंथ निर्माण करीत असतो. जन्माची नोंद हे पहिले पान, मृत्यूची नोंद हे शेवटचे, मधली पाने नाना दफ्तरांत विखुरलेली. आणि नोंदी जुळविणे म्हणजे ती पाने एका बांधणीत आणणे. वाचनालयात बसून हे वाचताना मला जरा गंमत वाटली. आमच्याकडे पाने सुटलेले ग्रंथ पुष्कळ आहेत, आणि बांधणीत दुसऱ्याच पुस्तकाचा फर्मा शिवलेलेही दोन-चार आहेत.

ग्रंथकारांची यादी उघडली तेव्हा तिसरी चळत किती उंच होऊ शकते ते कळले. प्र. के. अत्रे, आचार्य अत्रे आणि केशवकुमार ही तीन नावे यंत्राला तीन माणसे वाटतात, यात त्याचा दोष नाही. राम गणेश गडकरी नाटके लिहितात, गोविंदाग्रज कविता करतात, बाळकराम विनोद करतात. ही सारी नावे एका ओळीखाली आणणे ग्रंथपालनाच्या दृष्टीने सरळ आहे: मुख्य नाव एक ठेवावे आणि बाकीच्यांवरून त्याकडे बोट दाखवावे. तरीही चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू यांच्यापाशी माझा हात अडखळतो. ज्याने स्वतःच्या कवितेसाठी वेगळे नाव, वेगळा स्वर, जणू वेगळा देह घेतला, त्याला कादंबरीकाराच्या ओळीत परत नेऊन बसविणारे आपण कोण? जन्म-मृत्यूच्या दफ्तरात तो एकच मनुष्य आहे, हे मला ठाऊक आहे. पण वाचनालय हे जन्म-मृत्यूचे दफ्तर नव्हे. बाईंनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि शांतपणे दोन्ही नावे परस्परांकडे बोट दाखवतील अशी व्यवस्था केली. व्यवहारी माणसाशी वाद घालण्यात फारसे सुख नसते ते असे.

पुस्तकांचे एक बरे असते की प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक असतो. एका कादंबरीच्या पाच प्रती असल्या तर त्या दुबार नोंदी नव्हेत, पाच वस्तू आहेत; पाठीमागचा तेरा अंकी आयएसबीएन पाचांचाही एक, दाखल क्रमांक मात्र ज्याचा त्याला. माणसाला असा क्रमांक द्यावा ही कल्पना आपल्या सरकारने उचलली, आणि पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. बारा अंक, त्यांतला शेवटचा केवळ आधीच्या अकरांच्या तपासणीसाठी. आणि दहा बोटे व दोन बुबुळे पाहून तोच मनुष्य पुन्हा तर आला नाही ना, याची खातरजमा. एवढा मोठा खटाटोप एका राष्ट्राने करावा हे समजण्यासारखे आहे. एखादी कादंबरी घरी नेण्यासाठी वाचकाकडे तो क्रमांक मागावा, अशी सूचना आमच्या कार्यकारिणीत एकाने केली तेव्हा मात्र मी विरोधात मत दिले. वाचनालयाचा आपला साधा सभासद क्रमांक पुरे. तो एकदा दिला की जन्मभर बदलू नये, आणि सभासदाच्या पश्चात दुसऱ्याला देऊ नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. अर्थात क्रमांकही देवाने दिलेले नसतात. जुन्या दाखलनोंद वहीत पान उलटताना कोणा लेखकाची नजर हुकली, आणि शंभर-सव्वाशे पुस्तकांना आधीच दिलेले क्रमांक पुन्हा दिले गेले. पुढे ध्यानात आल्यावर त्या सर्वांपुढे निळ्या शाईने एक 'अ' घातला गेला. तो 'अ' तक्त्यात उतरताना बहुतेक ठिकाणी गळाला, कारण त्या रकान्यात फक्त आकडेच चालतील असे कोणीतरी ठरवून टाकले होते.

साफसफाईला विरोध होईल असे मला वाटले नव्हते. पण झाला, आणि तोही सौम्य शब्दांत. वार्षिक अहवालात सभासदांची संख्या बरीच खाली आलेली पाहून सभेत क्षणभर शांतता पसरली. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अनुदान वर्गावर अवलंबून असते, आणि वर्ग टिकवायचा तर आकड्यांकडे डोळा ठेवावाच लागतो. एका ज्येष्ठ सदस्यांनी घसा साफ करून विचारले, "इतकी घाई होती का?" कोणीही सभासद गेला नव्हता, कोणी नाव काढून घेतले नव्हते, जे कधी नव्हतेच ते गेले होते, आणि तरी काहीतरी हरपल्याची छाया सभेवर पडली होती. आकड्यांची माणसाला अशी सवय होते. मी त्यांना एवढेच म्हणालो की काढलेली एकही ओळ फेकलेली नाही. कोणती ओळ कोणत्या ओळीत, कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून मिळविली, याची वेगळी फेरिस्त ठेवली आहे, आणि उद्या चूक निघाली तर दोघांना पुन्हा वेगळे करता येईल. ते म्हणाले, "मग त्या फेरिस्तीतले धरून आकडा सांगा की!"

तिसरी चळत अजून आहे. दर रविवारी बाई व मी तिच्यातल्या काही जोड्या घेऊन बसतो. जुना अर्ज काढतो, सही सहीशी ताडतो, कधी सभासदाच्या घरी दूरध्वनी करतो. परवाची जोडी अशी: माहेरच्या नावाची एक शाळकरी सभासद, कितीतरी वर्षे निद्रिस्त, आणि सासरच्या नावाची एक प्रौढ सभासद, दर आठवड्याला येणारी. जन्मतारीख एक, सहीतल्या पहिल्या अक्षराचे वळण एक. बाईंनी त्यांनाच विचारले. त्या हसल्या, म्हणाल्या, "हो, ती मीच," आणि मग थोडे थांबून म्हणाल्या की दोन्ही खाती एक करायला हरकत नाही, फक्त लहानपणी नेलेल्या पुस्तकांची यादी आताच्या यादीत मिसळू नये. ती वेगळी राहू शकेल का? आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाला आम्ही हे कळविले. एका सभासदाला दोन याद्या ठेवण्याची सोय तक्त्यात नाही, करायची म्हटली तर आणखी एक रकाना घालावा लागेल, आणि मग तो सर्वांनाच द्यावा लागेल, असे त्याचे उत्तर आले आहे. विषय कार्यकारिणीच्या पुढील सभेपुढे ठेवला आहे. तोवर बाईंनी त्या दोन ओळींना हात लावलेला नाही, आणि दोन्ही लाल आहेत.